जुन्या बदललेल्या बुलेटला वेगमापक : ५० च्या वेगाला काटा ७० का दाखवतो?

आडवाट

नमस्कार. माझ्याकडे १९८४ सालची ३५० सीसी बुलेट आहे, म्हणजे उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली जुनी घडण. ती माझ्या हाती आली तेव्हाच तिचे मूळ रूप उरलेले नव्हते. आधीच्या मालकाने वीसेक वर्षांपूर्वी तिचे कॅस्केट काढून टाकले होते. हेडलाइट, वेगमापक, अ‍ॅमीटर आणि दोन छोटे बाजूचे ‘टायगर’ दिवे ज्यात एकत्र बसतात, तो बुलेटचा ओळखीचा मुखवटाच गेल्यामुळे मीटरसाठी जागाही राहिली नाही. पुढचे शॉकअप आणि चाक एका जपानी घडणीच्या १५० सीसी मोटारसायकलचे आहे, टायर ९०/९०-१८ मापाचा आहे आणि ब्रेक ड्रमचा आहे. मूळ टाकीच्या जागी नऊ लिटरची छोटी टाकी आहे. गाडी दिसते सुरेख, परंतु हँडलवर एका गोल हेडलाइटखेरीज काहीही नाही.

वेग किती आहे हे न कळल्यामुळे माझे आजवर फारसे अडले नाही, कारण ही गाडी किती पळते याचा अंदाज तिच्या आवाजावरून आणि हातांना येणाऱ्या मुंग्यांवरून येतो. अडते ते किलोमीटरपाशी. या गाडीला पेट्रोलचा काटा नाही. रिझर्व्हची चावी फिरवायची वेळ कधी येणार, इंजिनातले तेल बदलून किती अंतर झाले, चेन ताणायला हवी का, या सगळ्याचा हिशेब अंतरावर चालतो आणि ते अंतर मोजणारे साधनच माझ्याकडे नाही. गेली दोन वर्षे मी वहीत अंदाजे आकडे लिहीत आलो आहे आणि दोन वेळा पेट्रोल संपून गाडी ढकलली आहे.

म्हणून गेल्या महिन्यात नाना पेठेतून जुन्या बुलेटच्या धाटणीचा, स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरसारख्या काळ्या तबकडीचा केबलवर चालणारा मीटर आणला. हेडलाइटच्या कानांना पट्टी जोडून तो बसवला. पुढच्या हबमध्ये मीटर वर्म, म्हणजे चाकाच्या फिरण्याने केबल फिरवणारा गिअर, आधीपासून होताच, त्यामुळे केबल जोडायला अडचण आली नाही. पहिल्या फेरीत काटा झोकात वर गेला आणि मला आनंद झाला. दुसऱ्या फेरीत मित्र त्याच्या गाडीवरून शेजारी चालत होता. त्याचा मीटर ५० दाखवत असताना माझा ७० दाखवत होता. मोबाइलवर पडताळून पाहिले तेव्हा मित्राचाच मीटर खरा निघाला. दुकानदार म्हणतो की मीटर नवा आहे, त्यात दोष नाही. गॅरेजवाले म्हणतात की आतली स्प्रिंग थोडी ताणून देऊ. ती ताणावी का? की हा सगळा खटाटोप सोडून इलेक्ट्रॉनिक मीटर लावावा?

बारा-तेरा पाना

आडवाट, स्प्रिंगला तूर्त हात लावू देऊ नका. तुमच्या मीटरमध्ये दोष नसावा आणि वर्ममध्येही नसावा. दोघे वेगवेगळ्या घरातले आहेत, एवढेच.

केबलच्या मीटरमध्ये काय घडते ते आधी पाहू. पुढच्या हबमधला वर्म चाकाबरोबर फिरतो आणि केबलच्या आतली तार फिरवतो. मीटरमध्ये त्या तारेच्या टोकाला एक चुंबक असतो आणि चुंबकाला न टेकता त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची हलकी वाटी असते. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि खेच जिथे समान होतात तिथे काटा थांबतो. म्हणजे मीटरला तुमच्या चाकाची काहीच माहिती नसते. तार मिनिटाला किती वेळा फिरते, एवढेच त्याला कळते.

आता ती संख्या कोणी ठरवायची, यावर जगात एकमत कधीच झाले नाही. युरोपीय वळणाचे मीटर साधारणपणे तार किलोमीटरला १००० वेळा फिरेल असे धरून बनवलेले असतात. ब्रिटिश मैलांच्या मीटरवर तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरात १६०० असा आकडा दिसतो. तो मैलाला फेऱ्यांचा आहे आणि किलोमीटरमध्ये तोही जवळजवळ हजारच होतो. जपानी पद्धतीत मात्र ताशी ६० किलोमीटरला तार मिनिटाला १४०० फेऱ्या घेते. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, तेव्हा हा आकडा किलोमीटरला १४०० फेऱ्या असाच वाचायचा. तुमचे चाक आणि वर्म जपानी, मीटर ब्रिटिश. १४०० भागिले १००० म्हणजे १.४, आणि ५० गुणिले १.४ म्हणजे ७०. तुमच्या मित्राने शेजारून जे पाहिले तेच हे उत्तर आहे.

तरीही माझ्या सांगण्यावर विसंबू नका, कारण बदललेल्या गाडीत कोणता भाग कुठून आला हे आधीचा मालकही छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोन मापे स्वतः घ्या. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, टायरच्या कडेवर खडूने खूण करा, गाडीवर बसा आणि कोणाला तरी गाडी सरळ रेषेत ढकलायला सांगून चाकाच्या पूर्ण पाच फेऱ्यांचे अंतर टेपने मोजा. गाडीवर बसणे महत्त्वाचे आहे, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर थोडा कमी होतो. टायरच्या आकड्यांवरून गणिताने काढलेला घेर त्यामुळे नेहमी जास्त येतो. नंतर पुढचे चाक उचलून केबल मीटरपासून सोडवा, तारेच्या टोकाला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा आणि चाक सावकाश दहा वेळा फिरवून झेंडा किती वेळा फिरतो ते मोजा. हे दोन आकडे येथे लिहा.

सहा व्होल्ट

पाना यांचे निदान मला पटते, परंतु उपाय म्हणून मी इलेक्ट्रॉनिक मीटरचाच विचार करेन. मी हा मार्ग माझ्या येझदीवर वापरला आहे. चाकाच्या हबवर किंवा डिस्कच्या बोल्टवर छोटा चुंबक चिकटवायचा, शॉकअपच्या खालच्या भागावर सेन्सर लावायचा, दोघांत दोन-तीन मिलिमीटरचे अंतर ठेवायचे आणि मीटरमध्ये चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये भरायचा. वर्म कोणत्या घरातला आहे हा प्रश्नच उरत नाही. ज्यांच्या गाडीला डिस्क ब्रेकचे चाक बसवलेले आहे आणि हबमध्ये वर्मला जागाच नाही, त्यांना तर यापेक्षा सोपा मार्ग नाही.

मात्र अडचणीही प्रामाणिकपणे सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे, एकच चुंबक लावला तर कमी वेगात आकडा अडखळत बदलतो. १.९५ मीटर घेराचे चाक ताशी ६० ला सेकंदाला साडेआठ वेळा फिरते, पण ताशी १० ला दीड वेळाही फिरत नाही, आणि मीटरला तेवढ्यावरच वेग ठरवायचा असतो. समान अंतरावर तीन चुंबक लावून मीटरमध्ये घेराचा एक तृतीयांश आकडा भरला की हा दोष बराच कमी होतो.

दुसरी अडचण पॉईंटच्या इग्निशनची, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या जुन्या पद्धतीची. प्लगच्या वायरमधून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो सेन्सरच्या वायरमध्ये शिरतो आणि उभ्या गाडीचा वेग ताशी १२० दिसतो. माझ्याकडे हे प्रत्यक्ष घडले आहे आणि शेजारच्या मुलांना त्याचे फार कौतुक वाटले होते. रेझिस्टर असलेली प्लगची टोपी लावली आणि सेन्सरची वायर प्लगच्या वायरपासून दूर, दुसऱ्या बाजूने वर नेली तेव्हा ते थांबले. सायकलचे बिनवायरी मीटर या कारणासाठी अशा गाडीवर वापरू नयेत. वायरचे सायकल मीटर चालतात, परंतु एक सिलिंडरच्या कंपनांत आणि कोकणातल्या पावसात ते किती टिकतील याची खात्री देता येत नाही.

तिसरी अडचण माझ्या नावातच आहे. आडवाट, तुमच्या गाडीचे वायरिंग अजून सहा व्होल्टचे आहे की बारा व्होल्टचे केले आहे? बाजारातले बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटर बारा व्होल्टचे असतात. शिवाय बॅटरीचे कोणते टोक चॅसीला जोडले आहे तेही मल्टिमीटरने पाहून घ्या. जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत धन टोक अर्थ केलेले असू शकते आणि तिथे नव्या मीटरच्या लाल-काळ्या वायरी डोळे झाकून जोडल्या तर मीटर पहिल्याच क्षणी जळतो.

आडवाट

आपणा दोघांचेही आभार. काल सकाळी मापे घेतली. चाकाच्या पाच फेऱ्यांचे अंतर ९.५८ मीटर भरले, म्हणजे घेर १.९१६ मीटर आणि किलोमीटरला ५२२ फेऱ्या. चाक दहा वेळा फिरवले तेव्हा तार २७ वेळा फिरली. ही मोजणी तीनदा केली, कारण पहिल्यांदा माझ्या मुलीने २६ मोजले होते आणि मी २८. ५२२ गुणिले २.७ म्हणजे किलोमीटरला १४०९ फेऱ्या होतात. पाना, आपला अंदाज जवळजवळ तंतोतंत उतरला.

वायरिंग सहा व्होल्टचेच आहे आणि ते बदलण्याची माझी इच्छा नाही. दिवा मिणमिणता असला तरी गेली अनेक वर्षे ते न कुरकुरता चालले आहे. शिवाय या गाडीच्या हँडलवर चमकणारे आकडे मला बघवणार नाहीत, हेही खरे कारण आहे. ते तांत्रिक नाही, याची मला जाणीव आहे. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की स्प्रिंग ताणून काटा ५० वर आणता येत असेल, तर त्यात वाईट काय?

बारा-तेरा पाना

वाईट असे की काटा खरे बोलू लागेल आणि आकडे खोटेच बोलत राहतील. आपण पहिल्याच संदेशात लिहिले आहे की आपल्याला वेगापेक्षा किलोमीटर हवे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

मीटरमध्ये दोन वेगळी यंत्रे एकाच तारेवर चालतात. काट्याचे यंत्र चुंबक, वाटी आणि स्प्रिंग यांचे आहे. त्यात स्प्रिंग घट्ट केली, किंवा कुशल कारागिराने चुंबकाचा जोर थोडा उतरवला, की काटा कमी सरकतो. किलोमीटर मोजणारी चक्रे मात्र सरळ दात्यांवर चालतात. तार हजार वेळा फिरली की एक किलोमीटर पुढे, हा हिशेब दात्यांच्या संख्येत कोरलेला असतो आणि स्प्रिंगचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. आपली स्प्रिंग ताणली तरी शंभर किलोमीटर चालवल्यावर चक्रांवर १४१ दिसतील. तेल वेळेआधी बदलले जाईल, हे एक वेळ चालेल. पण २१० किलोमीटर झाले असे वाटून आपण पेट्रोल शोधू लागाल, तेव्हा प्रत्यक्षात दीडशेच झाले असतील.

खरे मार्ग तीन आहेत. पहिला, १४०० फेऱ्यांचा मीटर घेणे; ज्या जातीचे चाक आहे त्या जातीच्या गाडीचा मीटर भंगार बाजारात मिळतो, तो लावला की प्रश्न मिटला. दिसायला तो आपल्याला आवडणार नाही हे मी ओळखून आहे. दुसरा, मूळ बुलेटचे पुढचे चाक आणि वर्म परत बसवणे. १९ इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर पडतो, किलोमीटरला पाचशे फेऱ्या होतात आणि तार चाकाच्या दुप्पट फिरवली की हजाराचा हिशेब जुळतो. परंतु त्यासाठी अ‍ॅक्सल, ब्रेकची प्लेट आणि शॉकअप यांचा पूर्ण मेळ बसवावा लागेल. तिसरा मार्ग म्हणजे वर्म आणि मीटर यांच्या मध्ये फेऱ्या कमी करणारी दात्यांची छोटी पेटी बसवणे. तिच्याबद्दल या विषयातल्या जाणकाराने लिहावे. मी ती वापरलेली आहे, बनवलेली नाही.

नियमपुस्तक

चर्चा पूर्णपणे तांत्रिक चालली आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ वेगमापकाविषयी आहे आणि चालकाला वेग दिसेल अशा जागी वेगमापक असणे त्यात अपेक्षित आहे. तेव्हा वेगमापक बसवणे हा गाडीतला बेकायदा बदल नसून, आधीच्या मालकाने काढून टाकलेली आवश्यक वस्तू परत बसवणे आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी गाडी तपासली जाते, तेव्हा हा मुद्दा आपल्या बाजूचाच ठरेल.

शॉकअप, चाक आणि टाकी यांबद्दल मात्र मी तितका निश्चिंत राहणार नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. कोणता सुटा भाग या व्याख्येत बसतो यावर वाद होऊ शकतो, परंतु तो वाद रस्त्यावर घालण्याचा विषय नाही.

आणखी एक गोष्ट. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम २०२१ मध्ये आले, पण त्यासाठी चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. आपल्या गाडीला पन्नास वर्षे २०३४ मध्ये पूर्ण होतील. काढून ठेवलेले कॅस्केट, मूळ टाकी आणि मूळ चाक कुठे मिळत असल्यास ते आताच घेऊन माळ्यावर ठेवावे, असा माझा सल्ला आहे. मीटर बदलल्याची तारीख आणि त्या दिवशीचा आकडाही वहीत लिहून ठेवा. उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला ते दाखवणे हा साधा प्रामाणिकपणा आहे.

रेडिचजवळचा

मी मूळचा कोल्हापूरचा असून बरीच वर्षे बर्मिंगहॅमला राहतो. ज्या रेडिच गावात एनफिल्डचा मूळ कारखाना होता ते इथून जवळच आहे. कॅस्केटची घडण तिथलीच. ती १९५४ मध्ये आली आणि पुढे मद्रासला बनणाऱ्या बुलेटवर, इंग्लंडमधला कारखाना बंद पडल्यानंतरही, अनेक दशके टिकून राहिली. आडवाट यांच्या आधीच्या मालकाने जे काढून टाकले त्यासाठी इथले लोक जुन्या सामानाच्या बाजारात पहाटे चिखलात उभे राहतात.

स्मिथ्सच्या मीटरबद्दल एक सावधगिरी सुचवतो. त्यांचे जुने क्रोनोमेट्रिक मीटर आणि नंतरचे चुंबकाचे मीटर दिसायला बहिणी असले तरी आतून पूर्ण वेगळे आहेत. क्रोनोमेट्रिकमध्ये घड्याळासारखे यंत्र असते. ते ठरावीक क्षणांत तार किती फिरली ते मोजते, काटा तिथे नेऊन धरते आणि पुन्हा मोजते, म्हणून त्याचा काटा झुलत नाही, तर टप्प्याटप्प्याने उडी घेतो. साठच्या दशकात त्याची जागा चुंबकाच्या मीटरने घेतली. कोणी भारतात जुना मीटर विकत घेताना केबलचे टोक बोटांनी फिरवून पाहणार असेल तर ही खूण लक्षात ठेवावी: चुंबकाच्या मीटरचा काटा बोटांच्या गतीबरोबर थरथरतो. क्रोनोमेट्रिक दुरुस्त करणे घड्याळजीचे काम आहे. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये ते उघडू देऊ नये.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर १९३७ पूर्वी रस्त्यावर आलेल्या गाडीला वेगमापक नसला तरी चालते. आमच्या इथल्या एका म्हाताऱ्या सदस्याची गाडी त्याआधीची आहे आणि आपल्याला वेग कळत नाही याचा त्याला मोठा अभिमान आहे.

लेथवाला

पेटीबद्दल विचारले आहे, म्हणून लिहितो. मी अशा चार पेट्या बनवल्या आहेत आणि पहिली चुकली होती. ती चूक आपण करू नये.

१४०९ वरून हजारावर यायचे तर १.४ चे प्रमाण पुरते. केबलकडच्या गिअरला २० दाते आणि मीटरकडच्या गिअरला २८ दाते दिले की १.४ मिळते. १४०९ भागिले १.४ म्हणजे १००६, म्हणजे चूक शंभरात एकाहूनही कमी आणि तीही जास्त दाखवण्याच्या बाजूने. वेगमापकाने खऱ्यापेक्षा किंचित जास्त दाखवलेले चालते, कमी दाखवलेले चालत नाही.

माझी चूक अशी झाली की मी दोनच गिअर घातले. दोन गिअर एकमेकांत अडकले की दुसरा उलट फिरतो. मीटर उलट फिरवला की काटा शून्याच्या खिळीवर मागे दाबून बसतो, आणि माणूस दिवसभर केबल तुटली का ते शोधत राहतो. मधे तिसरा गिअर घालावा लागतो. त्याचे दाते कितीही असले तरी प्रमाण बदलत नाही, दिशा तेवढी सरळ होते. तीन गिअर ओळीत बसवल्यामुळे आत येणारी आणि बाहेर जाणारी केबल एका रेषेत राहत नाहीत, दीड-दोन इंच बाजूला सरकतात, म्हणून पेटी कुठे बांधायची ते आधी ठरवून मगच केबल कापावी. गिअर पितळेचे केले तर आवाज कमी येतो. पेटीत पातळ ग्रीस भरावे आणि झाकणाला कागदी गॅस्केट लावावे, नाहीतर एका पावसाळ्यात आत चिखल होतो.

केबलच्या तारेला ग्रीस लावताना वरची टोकाकडची सुमारे सहा इंच तार कोरडी ठेवावी. तार फिरताना ग्रीस वर चढते, मीटरच्या आत शिरते आणि वाटी चुंबकाला चिकटते. मग गाडी उभी असतानाही काटा ३० वर बसून राहतो. बहुतेक नव्या मीटरचा शेवट असाच होतो आणि दोष मीटरला दिला जातो.

घाटमाथा

उपग्रहावर चालणाऱ्या मीटरचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून माझा अनुभव थोडक्यात देतो. त्याला केबल, चुंबक, घेर यांपैकी काहीच लागत नाही आणि सपाट मोकळ्या रस्त्यावर त्याचा वेग अतिशय अचूक असतो. परंतु साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात तो आंधळा होतो, दाट झाडीच्या घाटात आकडा मागून येतो आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर उपग्रह सापडेपर्यंत गल्लीतले अंतर मोजलेच जात नाही. रोज थोडे थोडे अंतर चालणाऱ्याच्या किलोमीटरच्या हिशेबात ही गळती बरीच होते. मी तो मुख्य मीटर म्हणून न वापरता इतर मीटर तपासण्यासाठी ठेवला आहे.

आडवाट

धाग्याला दोन महिने झाले. काय झाले ते लिहिणे माझे कर्तव्य आहे.

लेथवाला यांच्या सांगण्याप्रमाणे २० आणि २८ दात्यांची, मधे तिसरा गिअर असलेली पेटी आमच्या गावातल्या टर्नरकडून करून घेतली. त्याने चौकोनी टोके बसवायला दोन दिवस आणि मला पितळेचा भाव समजावून सांगायला एक संध्याकाळ घेतली. पेटी शॉकअपच्या वरच्या टी-जवळ, म्हणजे दोन्ही शॉकअप वर जिथे जोडलेले असतात तिथे, बांधली आहे, जेणेकरून हँडल पूर्ण वळवले तरी केबल कुठेही तीव्र वाकत नाही. पहिल्या दिवशी केबलचा बाक घट्ट होता तेव्हा काटा ३० च्या आसपास थरथरत होता. बाक मोठा केल्यावर तो शांत झाला.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती आणि तिच्यात माझा एक रविवार गेला. कंपनांपासून बचाव म्हणून मीटर रबरी बुशांवर बसवला, आणि रात्री त्यातला दिवा लागेना. बल्ब सहा व्होल्टचाच होता, वायरीत वीज येत होती. शेवटी लक्षात आले की त्या दिव्याचा अर्थ मीटरच्या धातूच्या डब्यातून जातो आणि डबा आता रबरामुळे चॅसीपासून तुटला आहे. डब्याच्या बोल्टपासून हेडलाइटच्या अर्थपर्यंत एक वेगळी वायर टाकली तेव्हा दिवा लागला.

नंतर तपासणी केली. वेग मोबाइलवर पडताळला. खऱ्या ५० ला काटा ५० आणि ५२ यांच्या मध्ये राहतो. अंतर तपासण्यासाठी महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांचा आधार घेतला आणि एका दगडापाशी थांबून पुढे वीस दगड मोजत गेलो. मीटरवर २०.१ पडले. दोनशे मीटरच्या छोट्या दगडांवर विसंबू नये, कारण रस्ता रुंद करताना त्यांतले काही हललेले किंवा नाहीसे झालेले असतात, हे तिथेच उमगले.

नियमपुस्तक यांचा सल्लाही मानला आहे. मूळ कॅस्केट मिळाले नाही, परंतु १९ इंची चाक, वर्म आणि ब्रेकची प्लेट एका ठिकाणी एकत्र मिळाली; ती घरी आणली आहेत आणि तूर्त घरच्यांना ती आवडलेली नाहीत. सहा व्होल्ट, आपली रेझिस्टरची टोपी मीही लावली. माझ्या मीटरला तिची गरज नाही, पण त्यामुळे शेजारच्या रेडिओवरची खरखर थांबली आणि त्याबद्दल मला एक कप चहा मिळाला.

बारा-तेरा पाना

अभिनंदन. पेटी नवी आहे तोवर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर एकदा झाकण उघडून मधल्या गिअरचा पिन पाहून घ्या. झिजला तर तोच आधी झिजतो. आणि टायर बदलाल तेव्हा खडू आणि टेप पुन्हा बाहेर काढा, कारण ९०/९० च्या जागी १००/९० टायर घातला तर चाकाचा घेर वाढेल आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागेल.

आडवाट

पिन पाहिला, ठीक आहे. टाकी पूर्ण भरून मीटरवरचा आकडा लिहून निघालो होतो; काल वाईच्या अलीकडे गाडी गचके देऊ लागली तेव्हा २१४ किलोमीटर झाले होते. चावी रिझर्व्हवर फिरवली आणि तो आकडा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवला आहे.